गेंडा आणण्याआधी त्याची वही उघडा

प्रति,
मा. सदस्य सचिव, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, नवी दिल्ली
आणि महाराष्ट्रातल्या सर्व प्राणिसंग्रहालयांचे संचालक व अधीक्षक

विषय : प्राणिसंग्रहालयांतल्या गेंड्यांच्या जुन्या-नव्या नोंदी लोकांसाठी खुल्या करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात १८८६ पासून एक गेंडा होता. लोकांना तो भारतीय गेंडा म्हणून दाखवला जायचा. वीसेक वर्षं माणसं येत राहिली, पोराबाळांना बोट करून दाखवत राहिली. १९०७ मध्ये तो मेला आणि मागाहून कळलं की तो भारतीय नव्हताच, जावाचा होता. त्यानंतर जावाचा गेंडा कुठल्याही प्राणिसंग्रहालयात दिसलेला नाही. आज त्या जातीची जी काही मूठभर जनावरं उरली आहेत, ती सगळी जावा बेटाच्या पश्चिम टोकाला उजुंग कुलोनच्या जंगलात आहेत. म्हणजे माणसाच्या हाताखाली राहिलेला त्या जातीचा शेवटचा प्राणी दुसऱ्याच्याच नावावर जगला आणि मेला.

दोघांतला फरक ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. शिंग दोघांनाही एकच, हे खरं. पण जावाच्या गेंड्याच्या खांद्यापुढची कातडीची घडी पाठीवरून आरपार पलीकडे जाते, आपल्या आसामच्या गेंड्याची जात नाही. रोज चारा घालणाऱ्याला ती घडी दिसत असणारच. पण बघणं वेगळं आणि लिहून ठेवणं वेगळं. मी बँकेत उभा जन्म हिशोबतपासणी केली, त्यामुळे असलं काही वाचलं की मूळ वही मागण्यासाठी हात आपोआप पुढे होतो. या पत्रात तेच करणार आहे.

प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत, हा वाद मला इथे घालायचा नाही. तो घालणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि दोन्ही बाजूंनी घसा बसेपर्यंत बोलून झालेलं आहे. माझं मागणं लहान आहे. आपल्या देशातल्या प्राणिसंग्रहालयांत आजवर जे गेंडे राहिले, ते कुठून आले, कोणाबरोबर ठेवले, काय खायचे, पायाखाली माती होती की कोबा, आणि कशानं गेले, हे लोकांसमोर मांडा. महाराष्ट्रात पुन्हा गेंडा आणायचं कोणाच्या मनात असेल, तर आधी ही वही उघडा आणि मग आवाराची निविदा काढा.

युरोपातल्या पुस्तकांत जो गेंडा सर्वांत गाजला, तो आपल्याच किनाऱ्यावरून गेला. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे त्यानं परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही, नजराण्यात जिवंत गेंडा मिळाला. आल्बुकर्कनं तो गोव्याहून पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलकडे धाडून दिला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेलं गलबत २० मेला लिस्बनला लागलं. रोमन साम्राज्य गेल्यानंतर युरोपनं गेंडा बघितलेलाच नव्हता. एवढं अपूर्व जनावर दारात आल्यावर राजाला काय सुचावं? हत्तीबरोबर झुंज. ३ जूनला ती लावली, हत्तीनं पळ काढला आणि लोकांची करमणूक तिथेच आटोपली. वर्ष संपता संपता राजानं गेंडा पोप लिओला भेट म्हणून पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. गेंडा पोहण्यात पटाईत असतो, ब्रह्मपुत्रेच्या पुरात काझीरंगातले गेंडे मैलोन्‌मैल पोहून उंचवट्यावर जातात. पण याचे पाय साखळदंडानं डेकला जखडलेले होते.

तिकडे जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्युरर या चित्रकारानं कोणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन पाहून गेंड्याचं लाकडी ठशावरचं चित्र केलं. त्यानं गेंडा कधीच पाहिला नव्हता. अंगावर लोखंडी चिलखतासारखे पत्रे आले, मानेच्या मागे एक जादा शिंग आलं. तेच चित्र पुढे दोनशेहून अधिक वर्षं पुस्तकांत गेंडा म्हणून छापलं जात होतं. गलबतावर गेंड्याबरोबर ओसेम नावाचा त्याचा राखण्या होता. चार महिने समुद्रावर त्यानं त्या जनावराला काय खाऊ घातलं, कसं शांत ठेवलं, हे त्याला कोणी विचारलं असतं तर ते जादा शिंग कदाचित आलंच नसतं. इतिहासात ओसेम नावापुरता उरला आहे.

आपल्याकडेही राजेरजवाड्यांना गेंड्याचा शौक होता. पुण्यात सवाई माधवरावांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याला शिकारखाना होता. तो पाहून गेलेल्या इंग्रज पाहुण्यांनी सिंहाच्या जोडीला गेंड्याचा उल्लेख केलेला आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुणांनी लढाया आणि तह जरा बाजूला ठेवून पर्वतीच्या गेंड्याचा दाणागोटा शोधावा, अशी जाता जाता एक सूचना. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या आखाड्यात तर गेंड्यांच्या झुंजी होत. १८६० च्या दशकात आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं त्या लिहून ठेवल्या आहेत. दोन गेंडे ओळखू यावेत म्हणून एक काळा रंगवलेला, दुसरा तांबडा. पुढे त्याच बडोद्यात सयाजीरावांच्या कारकिर्दीत सार्वजनिक बाग आणि प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. झुंजीच्या आखाड्यापासून सार्वजनिक बागेपर्यंतचा हा प्रवास वीसएक वर्षांत झाला. राज्यकर्ता बदलला की जनावराचं नशीब बदलतं, ते असं.

आता क्लाराची गोष्ट सांगतो, कारण माझा मुद्दा तिच्यामुळे नेमका कळतो. बंगालमधल्या डच कंपनीचा प्रमुख यान आल्बर्ट सिख्टरमान याच्याकडे १७३८ च्या सुमारास एक पिल्लू आलं. आई शिकाऱ्यांनी मारलेली. ते घरात वाढलं, जेवणाच्या टेबलाभोवती फिरायचं. मोठं झाल्यावर घरात मावेना, तेव्हा ते डच कप्तान दाउवे माउट फान डर मेर याच्याकडे गेलं. जुलै १७४१ मध्ये ते रॉटरडॅमला उतरलं. पुढची जवळजवळ सतरा वर्षं क्लारा लाकडी गाड्यातून युरोपभर फिरली. पॅरिसला झ्याँ-बातिस्त उद्रीनं तिचं खऱ्या आकाराचं चित्र काढलं, व्हेनिसला पिएत्रो लोंगीनं तिला कार्निव्हलच्या गर्दीसमोर गवत खाताना रंगवलं. त्या चित्रात तिच्या नाकावर शिंग नाही, कारण थोड्याच दिवसांपूर्वी ते गळून पडलं होतं. तिला संत्र्याच्या साली आवडत, बिअर आवडे. एप्रिल १७५८ मध्ये लंडनला ती गेली, तेव्हा वीसएक वर्षांची होती. नीट सांभाळलेला गेंडा चाळिशीपर्यंत जगतो.

हे सगळं आपल्याला माहीत का आहे? कप्तानाला तिकिटं खपवायची होती. गावोगाव जाहिरातीची पत्रकं छापली जायची आणि त्यांत तिचं वय, वजन, खुराक लिहिलेला असायचा. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या तमाशाच्या जनावराची कुंडली आज कोणीही वाचू शकतो. आपल्या शहरात आपल्या करातून सांभाळलेल्या गेंड्याबद्दल मात्र पाटीवर जेवढं असतं तेवढंच लोकांना ठाऊक असतं.

वही ठेवणारा माणूस आपल्याकडे झालाच नाही असं नाही. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल. वैद्यकीय शिक्षण मध्येच सुटलेला हा बंगाली गृहस्थ १८७६ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झालं त्या सुमारास तिथे रुजू झाला आणि जन्मभर तिथेच राहिला. कोणत्या प्राण्याला काय मानवलं, काय बाधलं, कोण कधी व्याली, कोण कशानं दगावलं, याच्या नोंदी तो ठेवत गेला. त्यातून १८९२ मध्ये प्राण्यांच्या देखभालीवरचं त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. प्राणिसंग्रहालय कसं चालवावं यावर जगातही फारसं काही लिहिलं गेलेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ज्या देशात सान्याल झाले तिथे गेंड्याची वही मागायला पत्र लिहावं लागतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

याच अलीपूरला जानेवारी १८८९ मध्ये सुमात्री गेंड्याचं पिल्लू जन्माला आलं. सुमात्री गेंडा म्हणजे गेंड्यांतला सर्वांत लहान, अंगावर केस असलेला, दोन शिंगांचा. त्या काळी तो चितगावच्या डोंगरांत आणि आसामच्या काही भागांतही असायचा. प्राणिसंग्रहालयातच गर्भ राहून या जातीचं पुढचं पिल्लू कधी जन्मलं? १३ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. मध्ये ११२ वर्षं गेली.

या ११२ वर्षांच्या शेवटच्या तुकड्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सद्‌हेतूनं काम करणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांच्या हातून काय होऊ शकतं ते त्यात दिसतं. १९८४ ते १९९६ या काळात इंडोनेशिया, मलेशिया, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संस्थांनी मिळून ४० सुमात्री गेंडे पकडले. जंगल तुटत होतं, गेंडे वाचवायचे होते, पैसा होता, डॉक्टर होते. तरी बहुतेक गेंडे एकामागून एक मेले आणि २००१ पर्यंत त्यांतल्या एकाही जोडीला पिल्लू झालं नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांना भारतीय आणि आफ्रिकी गेंड्यांची सवय होती, म्हणून यांनाही सुकं गवत घातलं गेलं. पण हा गेंडा गवत खाणारा नाही, पाला ओरबाडणारा आहे. सिनसिनाटीतला इपू नावाचा नर खायचा थांबला, उठेनासा झाला, लोकांनी आशा सोडली. शेवटचा उपाय म्हणून सॅन डिएगोहून विमानानं फायकसचा पाला आणला. फायकस म्हणजे आपल्या वड-पिंपळ-उंबराचंच कूळ. तो पाला पुढ्यात पडल्यावर इपू खायला लागला आणि उठून उभा राहिला.

पुढे हाच इपू बाप झाला. मादी एमी हिचे गर्भ पुनःपुन्हा जात होते. डॉक्टर टेरी रॉथ यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या करत दिवसागणिक नोंदी ठेवल्या. नराची संगत घडल्याशिवाय या मादीचं बीजच सुटत नाही, हे त्यातून कळलं. मग गर्भ टिकावा म्हणून संप्रेरक दिलं आणि तेव्हा कुठे २००१ मधलं ते पिल्लू, आंदलास, जन्मलं. २००७ मध्ये त्याला सुमात्रात वाय काम्बासच्या अभयारण्यात नेलं आणि तिथे तो स्वतः बाप झाला. पैसा, जागा, डॉक्टर हे सगळं १९८४ पासून होतं. नर-मादी कधी एकत्र आणावीत आणि काय खायला घालावं, एवढं माहीत नव्हतं, आणि ते माहीत होईपर्यंत बहुतेक जनावरं संपली होती.

आता आपल्या एकशिंगी गेंड्याकडे येतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयानं १९५१ मध्ये आसामहून एक नर नेला आणि पुढच्या वर्षी एक मादी. नावं गदाधर आणि जयमती. अहोम राजा गदाधरसिंह आणि त्याच्या ठावठिकाण्याचा शब्दही न उच्चारता छळ सोसून मेलेली त्याची राणी जयमती, या जोडीची ही नावं. आसामात ती पोरासोरांना माहीत असतात. १४ सप्टेंबर १९५६ ला या जोडीला रुद्र झाला. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेलं आपल्या जातीच्या गेंड्याचं हे पहिलं पिल्लू. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये व्हिप्सनेडला मोहन-मोहिनी या जोडीलाही पिल्लू झालं. बाझलमध्ये आजवर तीसहून अधिक पिल्लं जन्मली आहेत. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या एकशिंगी गेंड्यांची वंशावळीची वहीही तिथेच ठेवली जाते. काझीरंगाच्या गेंड्याच्या नातवंडा-पतवंडांचा हिशोब ऱ्हाईन नदीच्या काठी बसून लिहिला जातो, याचं मला दुःख वगैरे नाही. लिहिला जातो, हे महत्त्वाचं.

बाझलकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट मात्र पायांची आहे. प्राणिसंग्रहालयांतल्या एकशिंगी गेंड्यांना, त्यातही वजनदार नरांना, पायाला भेगा आणि गळवं व्हायची आणि वर्षानुवर्षं बरी व्हायची नाहीत. बाझलच्या पशुवैद्यांनी जंगलातल्या आणि प्राणिसंग्रहालयांतल्या गेंड्यांचे पाय ताडून पाहिले. जंगलातल्या गेंड्याचं नख लांब आणि धारदार असतं. चिखलात, ओल्या मातीत चालताना भार नखांच्या कडांवर पडतो आणि मधली मऊ गादी अधांतरी राहते. कोब्यावर फिरणाऱ्या गेंड्याचं नख झिजून आखूड होतं, मग दोन टन वजन त्या गादीवर येतं. गादी पसरते, मधल्या बोटाच्या नखामागे चीर पडते आणि त्यात घाण जाते. उपाय फार खर्चिक नाही. पायाखाली माती, लाकडाचा भुसा आणि बारमाही चिखलाचं डबकं. आवार पाइपनं धुऊन लखलखीत ठेवायची हौस आवरली पाहिजे, एवढंच. पाहणाऱ्याला चकचकीत फरशी स्वच्छ वाटते, गेंड्याला ती महागात पडते.

मी एका शहराच्या प्राणिसंग्रहालयात बराच वेळ उभा राहून एक गेंडा पाहिला आहे. शहराचं नाव सांगत नाही, कारण तक्रार त्या शहराची नाही. त्याचं शिंग आडव्या लोखंडी नळावर घासून घासून पुढून सपाट झालं होतं, बोथट, आणि पानाच्या डब्यासारखं गुळगुळीत. नळाचाही तेवढाच भाग चकाकत होता. पाटीवर चार ओळी: नाव, शास्त्रीय नाव, आहार गवत, आढळ आसाम. चारा घालणाऱ्या कीपरशी बोललो. त्याला सगळं ठाऊक होतं. हा कुठल्या बाजूनं जवळ गेलेलं चालवून घेतो, लाउडस्पीकर लागला की कुठल्या कोपऱ्यात जातो, लेंडी नेमानं एकाच जागी कशी टाकतो, ओला लसूणघास आधी खातो आणि कडबा शेवटी. हे कुठे लिहिलं आहे का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, साहेब, लिहायचं काय त्यात, मी आहे ना. तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता.

आपल्या देशात चांगलं काम झालेलंच नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पाटण्याच्या संजय गांधी जैविक उद्यानात १९७९ मध्ये आसामहून गेंड्यांची जोडी आली आणि पुढे तिथे गेंड्यांचं मोठं कुटुंब झालं, एका वेळी दहाहून अधिक. देशातल्या इतर प्राणिसंग्रहालयांना पाटण्यानं गेंडे पुरवले. हे पाटण्यात का जमलं आणि इतरत्र का जमलं नाही? जागा, गवत, पाणी, नर-मादीचं वय, की एखादा कीपर? याचं उत्तर पाटण्याच्या रजिस्टरांत आहे आणि ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

आमच्या मुंबईत राणीबागेत शिवा नावाचा गेंडा होता. पुष्कळ वर्षं तो तिथे एकटा राहिला आणि उतारवयात त्याला जोडीदारणीसाठी दिल्लीला पाठवलं. इथे कोणी म्हणेल की जंगलातही नर गेंडा एकटाच फिरतो, मग एवढं काय. बरोबर आहे. पण जंगलातल्या एकट्या गेंड्याला शेजारी असतात, वास असतात, दुसऱ्याच्या लेंडीचे ढीग असतात, माजावर आलेल्या मादीची शीळ असते. तो एकटा चरतो, एकाकी नसतो. उलट नुसती जोडी आणून सोडली म्हणजे सगळं साधलं असंही नाही. सॅन डिएगोत मांधला नावाचा पांढरा आफ्रिकी नर एका मादीबरोबर वर्षानुवर्षं राहिला, काही झालं नाही. १९७१ मध्ये शहराबाहेरच्या विस्तीर्ण उद्यानात आफ्रिकेतून वीस पांढऱ्या गेंड्यांचा कळप आला आणि मांधलाला त्यांत सोडलं. नंतर त्याची पिल्लं मोजायला वेगळी यादी लागली. पांढरा गेंडा कळपाचा, आपला एकशिंगी सुटा, सुमात्री त्याहूनही एकलकोंडा. गेंडा म्हणजे गेंडा, असा सरसकट नियम लावून चालत नाही.

महोदय, १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात एकटे, जोडीदाराविना प्राणी ठेवणं टाळा आणि असे प्राणी एकत्र आणून त्यांचे नीट गट करा, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. धोरण चांगलं आहे. त्याची अंमलबजावणी किती वर्षांनी झाली, कोणत्या गेंड्याच्या वाट्याला किती एकटी वर्षं आली, हे नोंदी उघड झाल्याशिवाय कसं कळणार? आपण प्राण्यांच्या संख्येचे वार्षिक तक्ते काढता, याची मला कल्पना आहे. पण शिल्लक एक, जन्म शून्य, मृत्यू एक, एवढ्यावर माझ्यासारख्या तपासनिसाचं समाधान होत नाही. मृत्यू एक, तो कशानं? वय किती? पाय कसे होते?

मेलेल्या गेंड्याचा हिशोब कसा ठेवावा हे आसामनं दाखवून दिलं आहे. २२ सप्टेंबर २०२१ ला बोकाखातला सरकारनं २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. त्याआधी सरकारी तिजोऱ्यांतली शिंगं बाहेर काढून एकेक तपासलं, वजन केलं, मोजमाप घेतलं, डीएनएसाठी नमुना घेतला. शिकारी आणि तस्कर यांच्या तोंडावर मारलेली ही सणसणीत चपराक होती. माझी मागणी त्याच धर्तीची आहे. शिंगाचा इतका चोख हिशोब होतो, तर ज्याच्या नाकावर ते वाढतं त्याचाही व्हावा. सुरक्षिततेच्या दृष्टीनंही ते बरं. मार्च २०१७ मध्ये फ्रान्सच्या थ्वारी प्राणिसंग्रहालयात शिरून चोरांनी व्हिन्स नावाचा गेंडा मारला आणि शिंग कापून नेलं. प्राणिसंग्रहालयाची भिंत असली म्हणजे चिंता मिटली, असं आता कोणालाच म्हणता येत नाही.

२०२२ च्या मोजणीत काझीरंगात २,६१३ गेंडे निघाले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्या मानानं हे मोठं यश आहे. ते जंगल राखणाऱ्यांचं यश आहे, प्राणिसंग्रहालयांचं नव्हे. १९८४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या जंगलात गेंडे पुन्हा वसवले तेव्हाही ते आसामच्या जंगलातून आणि पाठोपाठ नेपाळहून आणले होते. म्हणून ‘संवर्धनासाठी गेंडा आणतो आहोत’ असं कोणी फलकावर लिहिणार असेल, तर कोणत्या संवर्धनासाठी, कोणत्या वंशाचा, त्याची पिल्लं पुढे कुठे जाणार, हेही त्याच फलकावर लिहावं. बघायला येणाऱ्या मुलांसाठी आणतो आहोत, असं असेल तर तसं लिहावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मग त्या मुलांना पायांबद्दलही सांगावं.

सुरुवात कुठून करायची? अलीपूर, गुवाहाटी, पाटणा, दिल्ली आणि आमची राणीबाग, एवढ्या पाच ठिकाणची गेंड्यांची जुनी रजिस्टरं स्कॅन करून लोकांसाठी ठेवा. शवविच्छेदनाचे अहवालही त्यांत येऊ द्या. वंशावळीची जी राष्ट्रीय नोंद आहे, ती आकड्यांच्या तक्त्यातून बाहेर काढून प्रत्येक गेंड्याच्या आवारासमोर त्या त्या राज्याच्या भाषेत लावा. याची आई कोण, बाप कोण, जन्म कुठला, कधीपासून इथे आहे. कीपर निवृत्त होण्याआधी त्याला महिनाभर एक वही आणि एक लिहिणारा माणूस द्या. आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राणिसंग्रहालयानं गेंड्याचा प्रस्ताव पाठवला, तर मंजुरीआधी आवाराचा आराखडा, जमिनीचा प्रकार आणि जोडीदाराची व्यवस्था जाहीर करायला सांगा.

रजिस्टरं जीर्ण आहेत, माणूसबळ नाही, असं उत्तर येईल याची मला सवय आहे. शाखांची तपासणी करताना हेच उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे. माणूसबळाची सोय होऊ शकते. मुंबईत निवृत्त बँकवाले पुष्कळ आहेत, त्यांचं अक्षर चांगलं आहे, जुन्या शाईतलं खरडलेलं वाचायची त्यांना सवय आहे आणि दुपारी त्यांना काही काम नसतं. आपण एक टेबल, दोन खुर्च्या आणि पहिलं रजिस्टर द्या.

कळावे,
आपला नम्र,
मुंबईचा एक निवृत्त हिशोबतपासनीस